शंका-समाधान : ईसीएम बदलण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीची आहेत. चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड निघाला आणि सांगण्यात आले, ‘ईसीएम गेला.’ म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त ईसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, आउटपुट सर्किटबद्दल लिहितो. इंजेक्टर, इग्निशन कॉइल, रेडिएटरच्या पंख्याचा रिले, पर्ज व्हॉल्व्ह ही सगळी माणसे ईसीएमच्या हुकमावर काम करणारी. तो हुकूम मध्येच कुठे अडला, हे शोधणे अवघड नाही. त्यासाठी थोडा धीर आणि एक मल्टिमीटर लागतो.

माझी पेट्रोल गाडी २०१५ ची आहे. सिग्नलवर उभी असताना थरथरते, वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना पिकअप घेत नाही. स्कॅनरवर पी ०२०३ कोड येतो. गॅरेजवाले नवीन ईसीएम टाका म्हणतात. खर्च करावा का?
— एक वाचक, मानेवाडा

अजून करू नका. पी ०२०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टर सर्किटमध्ये दोष. हा कोड पूर्ण सर्किटवर बोट ठेवतो, एकट्या ईसीएमवर नाही. त्या सर्किटमध्ये इंजेक्टर आहे, त्याचा कपलर आहे, हार्नेसमधली वायर आहे, ईसीएमचा मोठा कपलर आहे आणि सर्वांत शेवटी ईसीएमच्या आतला ट्रान्झिस्टर आहे. या पाचांत सर्वांत कमी वेळा बिघडणारा तो ट्रान्झिस्टर, आणि बदलायला सर्वांत महाग पडणाराही तोच. तपासणी त्याच्यापासून सुरू करण्याचे काहीच कारण नाही.

आधी काम कसे चालते ते पाहू. साध्या पेट्रोल गाडीत इंजेक्टरला दोन वायरी असतात. एकीवर मेन रिलेमधून बॅटरीचे १२ व्होल्ट येऊन थांबतात. दुसरी ईसीएमकडे जाते. ईसीएम इंजेक्टरला १२ व्होल्ट पाठवत नाही, तो ही दुसरी वायर आतल्या आत अर्थला जोडतो आणि सोडतो. घरच्या दिव्याचे बटण फेजवर असते, इथे बटण अर्थच्या बाजूला आहे. एवढे लक्षात ठेवले की अर्धा गोंधळ संपतो.

हे बटण डोळस आहे. ट्रान्झिस्टर बंद असताना ईसीएम आपल्या पिनवरचा व्होल्टेज बघतो. इंजेक्टरमधून आलेले बॅटरीचे व्होल्ट तिथे दिसायला हवेत. दिसत नसतील तर वायर तुटली आहे, इंजेक्टरची कॉइल आतून उघडी पडली आहे, किंवा वायर घासून बॉडीला लागली आहे. ट्रान्झिस्टर चालू केल्यावर तोच व्होल्टेज शून्याजवळ उतरायला हवा. उतरला नाही, किंवा करंट मर्यादेबाहेर गेला, तर वायर कुठेतरी पॉझिटिव्हला शॉर्ट आहे किंवा कॉइलचे वेढे आपसात चिकटले आहेत. अशा वेळी ट्रान्झिस्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि कोड नोंदला जातो. काही गाड्या यातला फरकही सांगतात. तिसऱ्याच सिलिंडरसाठी पी ०२६७ म्हणजे व्होल्टेज कमी आणि पी ०२६८ म्हणजे जास्त. तुमच्या गाडीने नुसता पी ०२०३ दिला आहे, म्हणून शोध हाताने करावा लागेल.

चावी ऑन करा, तिसऱ्या इंजेक्टरचा कपलर काढा आणि साध्या बल्बच्या टेस्ट लॅम्पने बघा. एका पिनवर दिवा चांगला पेटला पाहिजे. काही गाड्यांत मेन रिले इंजिन फिरल्यावरच लागतो, तिथे सहायकाला सेल्फ मारायला सांगा. नंतर इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. या जातीच्या इंजेक्टरचा रोध साधारण १२ ते १६ ओहम असतो, पण आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. बाकीचे तीन १४ दाखवत असतील आणि हा एकटा ४ किंवा थेट अनंत दाखवत असेल, तर दोषी सापडला. नवा इंजेक्टर टाका आणि घरी जा.

इंजेक्टर चांगला निघाला तर कपलरमध्ये नॉइड लाइट लावा. इंजेक्टरच्या जागी बसणारा हा छोटा दिवा स्वस्तात मिळतो. सेल्फ मारताना तो लुकलुकला तर ईसीएम आणि वायर दोन्ही ठीक आहेत, आणि दोष कपलरच्या सैल पडलेल्या पिनांत आहे. नाही लुकलुकला तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर सोडवा आणि इंजेक्टरच्या पिनपासून ईसीएमच्या पिनपर्यंत वायर तपासा. ती बॉडीला किंवा पॉझिटिव्हला लागलेली नाही ना, हेही पाहा.

इथे बरेच मिस्त्री फसतात. मल्टिमीटर कंटिन्यूटी बघताना नखभर करंट सोडतो. वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी तो ‘बीप’ करतो. त्या वायरीतून २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब पेटवून बघा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. एका तारेवर तग धरून असलेली वायर तिथे उघडी पडते, बल्ब मंद जळतो. मात्र ही चाचणी ईसीएम पूर्ण सुटा असतानाच करायची. आणि वायर तपासण्यासाठी सुई टोचू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत जाते आणि वर्षभरात तांबे हिरवे पडते. कपलरच्या मागच्या बाजूने, पिनच्या कडेने प्रोब सरकवा.

हे सगळे चांगले निघाले, ईसीएमच्या पॉवर आणि अर्थ पिनाही पक्क्या आहेत, आणि तरीही इंजिन फिरताना ईसीएमच्या तिसऱ्या इंजेक्टरच्या पिनवर हालचाल नाही, तरच ट्रान्झिस्टर गेला म्हणायचे. त्या वेळीसुद्धा पूर्ण ईसीएमच बदलावा लागतो असे नाही. बोर्ड उघडून ड्रायव्हर आयसी (ज्यात हा ट्रान्झिस्टर असतो) बदलणारे कारागीर आता सापडतात.

एक इशारा इथेच देतो. वरची पद्धत इनटेकमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या साध्या इंजेक्टरसाठी आहे. कॉमन रेल डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाड्यांत ईसीएम आतल्या कपॅसिटरवर व्होल्टेज वाढवून इंजेक्टर उघडतो. तो ६५ व्होल्टच्या आसपास, काही जातींत १०० च्याही वर असतो, आणि दोन्ही वायरी ईसीएममधूनच येतात. तिथे टेस्ट लॅम्प लावाल तर चांगला ईसीएम हाताने जाळाल.

सर, मी कामठी रोडला गॅरेज चालवतो. एका गाडीत पर्ज व्हॉल्व्हचा कोड पी ०४४५ येत होता. ईसीएम बदलला, चार दिवसांत तोच कोड. दुसरा ईसीएम लावला, तोही गेला. कंपनीचा माल खराब येतो का?
— एक गॅरेजचालक, कामठी रोड

माल खराब नाही. ज्याने पहिला ईसीएम जाळला तो अजून गाडीतच बसला आहे, आणि तिसराही तो जाळेल.

पी ०४४५ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हचे सर्किट शॉर्ट. या व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध साधारण २० ते ३० ओहम. २५ धरला तर १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आत करंट. कॉइलचे वेढे आतून चिकटून ३ ओहम उरले, की करंट ४ अँपिअर. आतला ट्रान्झिस्टर एवढ्यासाठी बनवलेला नाही. आधुनिक ड्रायव्हर स्वतःला बंद करून वाचवतात, पण दर वेळी चावी फिरवली की ते पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा तापतात, आणि शेवटी जातात. व्हॉल्व्हचा रोध थंड असताना एकदा आणि इंजिन तापल्यावर एकदा मोजा. थंडीत २५ दाखवणारी कॉइल गरम झाल्यावर शॉर्ट होताना मी पाहिली आहे, आणि असाच दोष ईसीएमच्या माथी मारला जातो.

तुमच्यासाठी आणखी तीन गोष्टी, कारण जळालेले ड्रायव्हर बहुधा यांतूनच येतात.

पहिली, रिले. साध्या रिलेच्या कॉइलचा रोध ७० ते १०० ओहम, म्हणजे करंट थोडासाच. पण कॉइल सोडताना तिच्यात उलटा व्होल्टेज उसळतो आणि तो शंभराच्या पुढे सहज जातो. म्हणून मूळ रिलेमध्ये कॉइलला समांतर डायोड किंवा रोधक बसवलेला असतो. बाजारात दिसायला तसाच, पण आत काहीही नसलेला रिले मिळतो. तो बसवला की दर वेळी फटका ड्रायव्हरला. डायोडच्या रिलेत दिशाही बघावी लागते. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना उलट झाल्या तर डायोड सरळ चालू होतो आणि पूर्ण करंट ईसीएममधून जातो. नव्या रिलेवर छापलेला नकाशा जुन्याशी जुळवूनच तो बसवा.

दुसरी, जोडलेले जादा सामान. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, अलार्म यांच्या वायरी ईसीएमच्या आउटपुटला टॅप केलेल्या असतील तर आधी त्या सोडवा.

तिसरी, महामार्गावरची मदत. बंद पडलेल्या कारला ट्रकच्या २४ व्होल्टवरून जम्पर लावून स्टार्ट केले जाते. गाडी सुरू होते, ईसीएमचे आयुष्य तिथेच अर्धे होते. अल्टरनेटरही मोजा. चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ च्या आसपास हवा, १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर आधी बघा. बॉडीवर वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह काढण्याचा नियम आपल्या गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा.

ग्राहकाला खरे सांगा आणि तिसरा ईसीएम बसवण्याआधी व्हॉल्व्ह, वायर आणि रिले स्वतः मोजून घ्या. नवा ईसीएम लावण्याआधी त्या आउटपुटच्या पिनवर काय भार आहे हे मोजणे, यापेक्षा मोठा विमा नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात आमची गाडी अंबाझरी ले-आउटमध्ये सीटपर्यंत पाण्यात होती. दुरुस्तीनंतर ठीक चालली. आता पावसाळा आला की एकदम पाच-सहा कोड येतात, इंजेक्टर, पंखा, पर्ज, सगळेच. कोड काढले की काही दिवस बरे.
— एक वाचक, अंबाझरी

त्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली, आणि काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. त्या पाण्यात भिजलेल्या गाड्या गॅरेजमध्ये आजही दिसतात. तुमची त्यांतलीच एक.

एकाच वेळी पाच आउटपुटचे ड्रायव्हर बिघडत नाहीत. असे कोड एकत्र आले की सगळ्यांना सामाईक काय आहे ते शोधा. सामाईक दोनच गोष्टी : पॉझिटिव्ह देणारा मेन रिले आणि ईसीएमची अर्थ. पुराच्या पाण्यात अर्थचे बोल्ट गंजतात. वायरीच्या तारांमधूनही पाणी झिरपत वर चढते, आणि बाहेरून नवी दिसणारी वायर आतून हिरवी असते.

अर्थ तपासायची पद्धत सांगतो, कारण ती चुकीची केली जाते. इंजिन बंद ठेवून रोध मोजून उपयोग नाही. इंजिन चालू, हेडलाइट चालू, एसी चालू ठेवा. मल्टिमीटर व्होल्टवर लावा. एक प्रोब ईसीएमच्या अर्थ पिनवर मागून, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर. ०.१ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट निघाला तर अर्थचा रस्ता खराब आहे. त्याच पद्धतीने बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ईसीएमच्या पॉवर पिनपर्यंत मोजा. अर्थ जागेवर नसली की ईसीएमला प्रत्येक पिनवरचा व्होल्टेज चुकीचा दिसतो, मग तो बिचारा एकाच वेळी पाच जणांवर आरोप करतो.

यू या अक्षराने सुरू होणारे, म्हणजे गाडीतल्या नेटवर्कचे, कोडही येत असतील तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास यायला हवा. १२० आला तर नेटवर्कच्या एका टोकाचा रोधक तुटला आहे.

ईसीएमचा कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. घासपेपर लावू नका, पिनांवरचा मुलामा जातो. पूड बोर्डपर्यंत पोचली असेल तर मात्र ईसीएम उघडून तपासून घ्यावा लागेल. आणि सर्व वाचकांना कळकळीची विनंती : पाण्यात बुडालेली गाडी सेल्फ मारून बघू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि टोइंगने न्या.

मे महिन्यात दुपारी तासभर चालवल्यावर गाडी अचानक बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. तीन ठिकाणी दाखवली, स्कॅनरवर एकही कोड नाही. कोड नाही म्हणजे गाडीत दोष नाही, असे मला सांगितले.
— एक वाचक, बुटीबोरी

गाडी बंद पडते आहे, म्हणजे दोष आहे. कोड नसणे याचा अर्थ एवढाच की दोष ईसीएमच्या नजरेबाहेर आहे.

पेट्रोल पंपाचे उदाहरण घ्या. ईसीएम पंपाच्या रिलेची कॉइल चालू करतो, आणि बहुतेक गाड्यांत त्याला फक्त त्या कॉइलची वायर दिसते. कॉइल ठीक असेल तर त्याच्या मते सगळे ठीक. पण पंपाला जाणारा मोठा करंट ३० आणि ८७ या पिनांच्या संपर्कातून जातो, आणि तो संपर्क जळून काळा पडला असला तरी ईसीएमला ते कळत नाही. दुपारच्या उन्हात बॉनेटखाली रिले तापतो, जळका संपर्क सुटतो, पंप थांबतो. गाडी थंड झाली की पुन्हा लागतो. मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश तापमान पाहिले आहे. बॉनेटच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. कच्चा सांधा इथल्या उन्हाळ्यात लपून राहत नाही.

पंप चालू असताना ३० आणि ८७ यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर रिले बदला. बंद पडलेल्या क्षणी तपासणे सर्वांत खात्रीचे : मागच्या सीटजवळ कान द्या, चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज येतो का ते बघा. आवाज आला तर क्रँक सेन्सरकडे वळा. तो इनपुट आहे, आउटपुट नाही, पण गरम झाल्यावर बंद पडण्यात त्याचा हात फार मोठा असतो. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल तर संशय पक्का.

यंत्राचा आकडा दुसऱ्या मार्गाने पडताळावा, हे नागपूरकरांना सांगायची गरज पडू नये. मे २०२४ च्या शेवटी रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. दुसऱ्या काही केंद्रांचे आकडे ४४-४५ च्या घरात होते, आणि हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचे सांगितले. स्कॅनरवरचा कोडही असाच तपासून घ्यायचा असतो, आणि कोडचे नसणेही.

जुन्या बाजारातून तोच पार्ट नंबर असलेला ईसीएम आणला. लावल्यावर सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही. फसवणूक झाली का?
— एक वाचक, वाडी

बहुधा नाही. तुमच्या चावीतली चिप आणि नवा ईसीएम यांची ओळख नाही. इमोबिलायझर असलेल्या गाडीत ईसीएम बदलला की चाव्या आणि इमोबिलायझर त्याच्याशी जुळवून घ्यावे लागतात. काही गाड्यांत जुना ईसीएम असा जुळतच नाही. आधी विचारून मग घ्या, आणि तुमचा मूळ ईसीएम फेकू नका.

उंदरांनी इंजेक्टरच्या वायरी कुरतडल्या. पिळून टेप लावली, महिन्याने पुन्हा कोड.
— एक वाचक, हुडकेश्वर

पिळलेला सांधा तापतो, सैल होतो. सोल्डर किंवा चांगला क्रिम्प करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. वायर मूळ जाडीचीच घ्या. एकमेकींना पीळ दिलेल्या वायरींची जोडी कुरतडली असेल तर जोडल्यावर पीळ तसाच राखा.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा विद्यार्थी आहे. शोधकामासाठी आधी काय विकत घ्यावे? स्कॅनर महाग आहे.
— एक विद्यार्थी

स्कॅनर सर्वांत शेवटी घ्या. आधी चांगला मल्टिमीटर, साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प, बॅक-प्रोबच्या पिना, आणि तुम्ही ज्या गाड्यांवर काम करणार त्यांच्या वायरिंगचे नकाशे. एलईडीचा टेस्ट लॅम्प टाळा. तो इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या सांध्यावरही झगझगीत पेटतो आणि तुम्हाला फसवतो. पुढे ऐपत झाली की छोटा ऑसिलोस्कोप आणि क्लॅम्प मीटर. इंजेक्टरच्या करंटचा आकार पडद्यावर एकदा पाहिला की कॉइल, सुई आणि ड्रायव्हर तिन्हींची तब्येत एकत्र कळते.

स्कॅनर घ्याल तेव्हा नुसते कोड वाचणारा घेऊ नका. पंखा, पंप, पर्ज व्हॉल्व्ह यांना हुकूम देऊन चालवून बघता येईल असा घ्या. हुकूम दिल्यावर रिले ‘टक’ करतो पण पंखा फिरत नाही, तर ड्रायव्हर चांगला आणि दोष रिलेच्या पुढे. ‘टक’ही नाही, तर रिलेच्या कॉइलपासून मागे ईसीएमपर्यंत शोधा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. या गाड्यांत ईसीएम ज्यांच्यावर नजर ठेवतो अशी सर्किटे वाढली आहेत. तुमच्या हाताला काम कमी पडणार नाही, आणि मोजून निदान करणाऱ्या मुलांची या शहराला फार गरज आहे.

पुढच्या महिन्यासाठी पत्र लिहिताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष, स्कॅनरवरचा पूर्ण कोड, दोष थंडीत येतो की गरम झाल्यावर, आणि बॅटरीचा व्होल्टेज इंजिन बंद असताना व चालू असताना किती, एवढे नक्की कळवा. ईसीएम बदलायला सांगितले असेल, तर पैसे देण्याआधी लिहा.